टाकी वर, म्हणजे प्लांट चालू

नोकरीची पहिली दहा-बारा वर्षं मी शेण मोजण्यात घालवली. सरकारी कागदावर माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक होतं, पण सावद्याच्या बाजूच्या गावांत मला 'गोबरगॅसवाले साहेब' म्हणत. हे तोंडावर. पाठीमागे 'शेणसाहेब'. मला राग यायचा, पण राग येऊन उपयोग नसायचा, कारण संध्याकाळी जळगावला मेहरूणमधल्या खोलीवर परतलो की मालकीणबाई चपला जिन्याखालीच सोडायला लावत आणि म्हणत, "आज पुन्हा गोठ्यात गेला होतात वाटतं." माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा एका मुलीच्या वडिलांनी आमच्या वडिलांना विचारलं, मुलगा नक्की काय करतो. वडील म्हणाले, रोज गावोगाव फिरून शेण बघतो. आमचे वडील खोटं बोलत नसत. ते स्थळ पुढे सरकलं नाही.

ज्यांनी गोबरगॅसचा प्लांट पाहिलेला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. गोठ्याजवळ जमिनीत विहिरीसारखा गोल खड्डा, आतून विटांनी बांधलेला. त्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी. रोज सकाळी शेण आणि पाणी कालवून एका बाजूने आत सोडायचं. शेण आत कुजतं, गॅस धरतो आणि त्या गॅसने टाकी हळूहळू वर उचलली जाते. टाकीवरून एक नळी घरातल्या शेगडीला. स्वयंपाक झाला की गॅस संपतो आणि टाकी खाली बसते. दुसऱ्या बाजूने कुजलेली पातळ मळी बाहेर येते, ती केळीला घालायची. एवढंच ते यंत्र. त्यात बिघडण्यासारखं फार काही नव्हतं. बिघडायची ती माणसं.

पाहणीसाठी आमच्याकडे एक सोपी खूण होती. टाकी वर असेल तर प्लांट चालू, खाली असेल तर बंद. मोटारसायकलवरून उतरायचीही गरज नाही, कुंपणापलीकडून दिसतं. ही खूण मीच काढली होती, नव्याने आलेल्यांना मीच शिकवली होती, आणि तिचा मला अभिमान होता. टाकी वर असते याचा अर्थ फक्त गॅस तयार झाला एवढाच, तो कुणी वापरतं की नाही हे टाकी सांगत नाही. उलट ज्या घरात शेगडी पेटतच नाही त्या घरची टाकी सगळ्यांत वर असते. हे मला कळत नव्हतं असं नाही. पण खूण सोयीची होती आणि दिवसाला दहा गावं करायची असत.

ते घर सावद्यापासून सायकलने अर्ध्या तासावर होतं. घरात नाना, त्यांची बायको अक्का, मुलगा आणि सून. मुलगा वरणगावला नोकरीला, सकाळी अंधारात जायचा, संध्याकाळी उशिरा यायचा, त्यामुळे त्याची-माझी भेट दोनदाच झाली. नानांची केळी होती, थोडा कापूस होता, दावणीला दोन बैल, दोन म्हशी आणि एक गाय. शेण भरपूर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सून चुलीपुढे बसली होती आणि पदराने डोळे पुसत होती. लग्नाला दोन वर्षं झालेली असतील. डोळे लालभडक. मी तिला वहिनी म्हणायला लागलो आणि शेवटपर्यंत तेच म्हणत राहिलो.

त्या वर्षी वरून सांगणं आलं होतं की नुसते प्लांट नकोत, संडास जोडलेले प्लांट दाखवा. म्हणजे जनावरांचं आणि माणसांचं एकाच खड्ड्यात. मी नानांना समजावलं की एका बांधकामात दोन कामं होतात, घरातल्या बायकांना पहाटे अंधारात बाहेर जायला नको आणि चुलीचा धूरही नको. हे मी मनापासून सांगत होतो. आजही मला ते खोटं वाटत नाही. नाना विचार करत होते, अक्का गप्प होत्या, आणि तेवढ्यात आतून न मागता दुसरा चहा आला. मी ओळखलं की वहिनींचा होकार आहे. नानांनीही ओळखलं असावं, कारण ते म्हणाले, "करा मंग."

बांधकाम झालं, शेण भरलं, गॅस धरायला लागणारे दिवस गेले आणि एका सकाळी मी स्वतः काडी ओढून शेगडी पेटवली. वहिनींनी तिच्यावर पहिला चहा केला. त्या दिवशी त्यांचा चेहरा मी नीट पाहिला, कारण त्या पहिल्यांदाच डोळे न पुसता उभ्या होत्या. नाना प्याले, मी प्यालो. अक्कांनी कप हातात घेतला आणि खाली ठेवला.

"आत सारं येकच व्हते ना, भाऊ?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांना सांगितलं की शेण आत राहतं, मैला आत राहतो, वर येतो तो फक्त गॅस, आणि तो जळला की काहीच उरत नाही. मी हे फार छान सांगत असे.

"तुमचं बराबर असीन," अक्का म्हणाल्या. "पन त्याच्यावर शिजोलेला निवद देवाले कसा दाखू?"

सुरुवातीला फक्त नैवेद्य चुलीवर व्हायला लागला. मग असं निघालं की नैवेद्याचं ताट घरच्याच स्वयंपाकातून वाढायचं असतं, तेव्हा वरण-भातही चुलीवर. मग चातुर्मास आला. दिवाळीपर्यंत शेगडी धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून फळीवर गेली. आधी पोटोबा मग विठोबा म्हणतात, पण या घरात विठोबा आधी होता आणि तो अक्कांच्या हातून जेवायचा. मी दोन वेळा समजवायला गेलो. दुसऱ्या वेळी अक्का हसून म्हणाल्या, "तुमच्या आईले इचारा आन मंग मले सांगा." मी आईला विचारलं नाही, कारण ती काय म्हणेल ते मला ठाऊक होतं.

प्लांट बंद पडला असता तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण नानांनी मळी केळीला घातली आणि बाग अशी काही उठली की शेजारचे लोक बांधावर उभे राहून बघायला लागले. त्यामुळे घरचं सगळं शेण रोज सकाळी प्लांटमध्ये जायला लागलं. मग गोवऱ्या थापायला शेण राहीना. पूर्वी वहिनींच्या चुलीत गोवरी असायची, ती सावकाश जळते आणि धुमसत का होईना टिकते. आता कापसाची वाळली पऱ्हाटी आणि तुरीची तुराटी. ती भसकन पेटते, भसकन विझते, सारखं चुलीत सारत बसायचं आणि फुंकणीने फुंकत बसायचं. म्हणजे तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. संडास मिळाला एवढं खरं, आणि वहिनींनी तो मिळाल्याचं वाईट कधी बोलून दाखवलं नाही.

आणि गॅस? तो रोज तयार व्हायचा. टाकी वर चढायची, पार वर, आणि मग टाकीच्या कडेने बुडबुडे काढत निघून जायचा. दर तीन महिन्यांनी मी कुंपणाशी मोटारसायकल थांबवायचो, टाकी बघायचो आणि वहीत लिहायचो: चालू. आमच्या भागातला सगळ्यांत चांगला चाललेला प्लांट कागदोपत्री तोच होता. एकदा वहिनी गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येत होत्या आणि मी लिहिताना त्यांनी पाहिलं. काय लिहिता, असं त्यांनी विचारलं नाही. मी मान हलवून निघालो. एका घरासाठी माणसाने किती वेळ घालवायचा, असं मी स्वतःला म्हणायचो, आणि त्या वयात ते मला पटायचं.

नव्वद साल उलटल्यावर कधीतरी ऑफिसात एक पत्र आलं. दोन देशांची तुलना करायची होती. जनावरांचं शेण लोक कसं साठवतात, कसं वापरतात, आणि त्यातून मिथेन नावाचा वायू किती निघतो. एक देश आपला आणि दुसरा एक थंड प्रदेशातला, दूधदुभत्याचा. हा वायू वर जाऊन हवा तापवतो, असं पत्रात होतं. आमच्या साहेबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "इथे मे महिन्यात हवा तापवायला शेण कशाला लागतंय." मग पत्र माझ्याकडे सरकवलं. शेण म्हटलं की ते माझ्याकडेच यायचं.

हा मिथेन म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, गोबरगॅसमध्ये जळतो तोच. जाळला तर भाकरी होते, नुसता सोडला तर हवेत जातो. थंडीत एक संशोधक येणार होता. त्याला एक उकिरडा आणि एक चांगला चालणारा प्लांट दाखवायचा होता. मी नानांचं घर सुचवलं. रस्ता जवळ, माणसं चांगली, आणि टाकी कायम वर. खरं कारण असं की दुसरा प्लांट शोधायचा मला कंटाळा आला होता.

पाहुणा उंच होता, उन्हाने लाल झालेला, आणि त्याला कशाचीच घाण वाटत नव्हती. सकाळी त्याने शेजारच्या खळ्यातल्या उकिरड्यावर पालथं घमेलं ठेवून त्यातली हवा काचेच्या पिचकाऱ्यांत भरून घेतली. बघायला अर्धं गाव. दुपारी नानांच्या ओट्यावर आम्ही बसलो. अक्कांनी त्याला केळी दिली, आणि तो खात असताना त्याच्या देशाबद्दल विचारायला लागल्या. मी मध्ये बसून माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत इकडचं तिकडे करत होतो.

त्याने सांगितलं की त्यांच्याकडे हिवाळाभर गाई घरातच असतात. त्यांच्या पायाखाली फटींची जमीन असते, शेण आणि मूत त्या फटींतून खालच्या मोठ्या टाकीत पडतं आणि महिनोन् महिने तिथेच राहतं.

"मंग सारवतात कशानं?" अक्कांनी विचारलं.

सारवत नाहीत, जमीन सिमेंटची असते, असं त्याने सांगितलं.

"आन गोवऱ्या?"

थापत नाहीत.

अक्का पुढे सरकल्या. "मंग येवढ्या शेनाचं करतात तरी काय?"

मी हे त्याला सांगितल्यावर तो हसला नाही. म्हणाला, हाच प्रश्न घेऊन मी इतक्या लांब आलोय. मग त्याने समजावलं की शेण ओलं आणि कोंडलेलं राहिलं की मिथेन होतो, वाळलं की जवळजवळ होत नाही. त्यांचं शेण सहा महिने टाकीत कोंडलेलं असतं, तुमचं उन्हात वाळतं. तुमची गोवरी या बाबतीत आमच्यापेक्षा चांगली. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा अक्कांचा चेहरा फुलला. "सहा महिने पोटात धरून ठेवतात म्हना की," त्या म्हणाल्या. सगळे हसले. तेव्हा दाराआडून वहिनी हळूच म्हणाल्या, "आपल्या घरी आता गोवऱ्या कुठं?" पाहुण्याने माझ्याकडे पाहिलं, काय म्हणाल्या म्हणून. मी म्हटलं, विशेष काही नाही.

मग प्लांट. टाकी नेहमीप्रमाणे पार वर. कडेने बुडबुडे फुटत होते. पाहुण्याने त्यावर एक नरसाळं उपडं धरलं, पिचकाऱ्या भरल्या, घड्याळ पाहिलं, पुन्हा भरल्या. मग बाही वर करून मळीच्या कुंडीत कोपरापर्यंत हात घातला, ती किती घट्ट आहे ते बघायला. अक्का ओट्यावरून टक लावून पाहत होत्या. तो हात धुऊन माझ्याकडे आला आणि त्याने विचारलं की इतका गॅस वाया का जातोय, हे लोक तो जाळत का नाहीत.

खरं उत्तर चार वाक्यांचं होतं. संडास मी जोडायला लावला, म्हणून अक्कांना तो गॅस चालत नाही, शेण मात्र सगळं यात जातं, आणि मी गेली कित्येक वर्षं याला 'चालू' लिहितोय. चार वाक्यं मला इंग्रजीतही जमली असती. मी म्हटलं, शेगडी दुरुस्तीला गेली आहे, पुढच्या आठवड्यात येईल. त्याने ते लिहून घेतलं. शेण खाल्लं मी, दुसरा शब्द नाही. शेगडी दहा पावलांवर फळीवर होती.

पाहुण्याला तीनदा मोजायचं होतं: थंडीत, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात. तोवर प्लांटमध्ये काहीही बदल करायचा नाही, शेण तेवढंच, पाणी तेवढंच, वापर आहे तसाच. म्हणजे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळवता येतील. त्याने टाकीवर पांढऱ्या रंगाने एक नंबर घातला. नानांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "शब्द देला. कोनी हात नही लावनार." मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. त्या दिवसातलं ते एकच भाषांतर मी पूर्ण केलं.

जीपमध्ये सामान चढत होतं तेव्हा वहिनी गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत माझ्या मागे आल्या. इतक्या वर्षांत त्या माझ्याशी सरळ असं कधी बोलल्या नव्हत्या.

"भाऊ, येक इचारू का?"

"विचारा ना."

"आत्याबाई परवा म्हन्ल्या, संडासाची नयी काढून टाका, त्याले येगळा खड्डा करा. मंग गॅसवर सयपाक करू म्हने. गवंडीबी हो म्हनला. करू का?"

आज हे लिहिताना मला त्या बाईचा चेहरा दिसतो. ज्या गोष्टीसाठी मी दोनदा येऊन हरलो होतो ती तिने सासूकडून कशी मिळवली असेल, किती दिवस, किती वेळा विषय काढून, ते तिलाच माहीत. संडासही राहणार होता आणि गॅसही मिळणार होता. मी फक्त 'करा' म्हणायचं होतं. पण जीपवाला हॉर्न वाजवत होता, मी दिवसभर उन्हात दोन भाषांमध्ये उभा होतो, आणि नुकतंच एक खोटं बोललो होतो. शेगडी पेटली, टाकी खाली गेली, आकडे बदलले तर तो पुन्हा प्रश्न विचारणार. मी म्हटलं, "वहिनी, पाहणी संपेपर्यंत काही बदलू नका. संपली की मी स्वतः तुम्हाला सांगेन."

"कवा संपीन?"

"पावसाळ्यापर्यंत."

"बरं," त्या म्हणाल्या. "इतके दिस गेले, आजून सहा महिने."

उन्हाळ्यात पाहुण्याचा एक मदतनीस आला, परस्पर मोजून गेला आणि पावसाळ्यात पुन्हा येतो म्हणाला. पावसाळ्याच्या आधी माझी धुळ्याला बदली झाली. नवं टेबल, नवी खोली, तोवर लग्न झालेलं, बायकोला दिवस गेलेले. पावसाळ्यात कुणीच आलं नाही. जळगावहून फिरत फिरत माझ्याकडे एक पत्र आलं की अभ्यास पूर्ण झाला असून उरलेल्या मोजणीची आवश्यकता नाही. मी सही केली आणि फाईलला लावलं. एक पोस्टकार्ड टाकायचं होतं. विसरलो असं म्हणायला मला आवडलं असतं. पण दोन-तीन वेळा आठवलं होतं. आठवलं की वाटायचं, त्यांनी आतापर्यंत करूनही टाकलं असेल, सरकारी माणसाच्या तोंडी सांगण्यावर इतके दिवस कोण थांबतं.

पुढे अहवाल छापून आला, त्याची एक प्रत मलाही मिळाली. त्यात दोन देश शेजारी-शेजारी दोन रकान्यांत. दर जनावरामागे शेणातून निघणारा मिथेन त्यांच्याकडे जास्त, आपल्याकडे कमी, कारण आपलं शेण वाळतं, जळतं किंवा गॅस प्लांटमध्ये जातं. प्लांटमधला गॅस घरोघरी जळतो असं धरलेलं होतं. खाली बारीक अक्षरात एक टीप: एका ठिकाणी शेगडी तात्पुरती नादुरुस्त असल्याने ते आकडे वगळले आहेत. धुळ्याच्या ऑफिसातला शिपाई माझ्या खांद्यावरून बघत होता. त्याने विचारलं, "साहेब, आपलं शेन चांगलं शे, असं म्हनतस का त्या?" मी हो म्हटलं. तो खूश झाला. "मंग बठ्ठास्ले सांगा ना," म्हणाला, म्हणजे सगळ्यांना सांगा, आणि ही बातमी त्यानेच सगळ्या टेबलांवर फिरवली. मी टीप पुन्हा वाचली. माझं खोटं इतक्या व्यवस्थित छापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला फार थकल्यासारखं झालं आणि मी अहवाल खणात ठेवला.

बदलीनंतर तीन वर्षांनी सावद्याला एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो. जेवणं झाली, परतीच्या गाडीला वेळ होता. मी कुणाची तरी सायकल घेतली आणि निघालो. का निघालो ते सांगता येत नाही. कुंपणाशी पोचलो आणि सवयीने आधी टाकीकडे पाहिलं. टाकी पार वर होती. गंजू नये म्हणून दरवर्षी टाकीला काळा रंग द्यावा लागतो, तो त्यांनी दिलेला होता. पण पाहुण्याचा पांढरा नंबर तेवढा सोडून, त्याच्या कडेकडेने, जपून. काही ठिकाणी पांढरा उडाला होता तिथे कुणीतरी चुन्याने भरून काढला होता.

नाना ओट्यावर होते. बरेच वाकले होते. मला ओळखून उठायला लागले. "या साहेब. तिसरं मोजाले आले का? आमी कशालेच हात नही लावला."

मी ओट्यावर बसलो. घरातून पऱ्हाटीचा धूर येत होता. वहिनी पाणी घेऊन आल्या. उंबऱ्यावर थांबून त्यांनी पायाने पायरी चाचपली आणि मग उतरल्या. तांब्या त्यांनी माझ्या हातात दिला नाही, माझ्या हाताच्या जरा बाजूला धरला. मी हात पुढे नेऊन घेतला.

"तिच्या डोयाचं जरा बिघडलं," नाना म्हणाले. "जयगावले दाखोलं. धुरानं व्हते म्हन्ते डाक्टर. अक्कानं त किती डाव सांगलं, खड्डा करा, पेटवा म्हने. मीच म्हन्लं, थांबा. त्या पाहुन्याले शब्द देला व्हता. साहेब सांगतीन म्हन्लं."

मी म्हटलं, "नाना, ती पाहणी केव्हाच संपली."

"कवा?"

"तीन वर्षं झाली."

नाना मला शिव्या देतील असं वाटलं होतं, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एवढं म्हटलं, "आमाले कोनी सांगलं नही." त्यांचा आवाज तक्रारीचा नव्हता. आपलंच काही चुकलं का, हे तपासून पाहिल्यासारखा होता. मला तिथून पळून जावंसं वाटलं आणि लाजही वाटली.

दारात उभ्या राहून ऐकणाऱ्या अक्का आत गेल्या. फळीवरून शेगडी काढल्याचा आवाज आला. त्यांनी ती स्वतः चुलीशेजारी जमिनीवर ठेवली, फडकं सोडलं आणि मला आत बोलावून म्हणाल्या, "खड्डा मंग करू. आज पेटवा. देवाचं मी चुलीवर पाहीन."

मी सुई मागितली आणि शेगडीची छिद्रं एकेक करून मोकळी केली. नळीत पाणी साठलं होतं ते काढलं, फाटलेला तुकडा कापून पुन्हा जोडला. हे काम माझ्या हाताला अजून येत होतं. वहिनी समोर येऊन बसल्या, गुडघ्यांवर हात ठेवून. मागच्या दारातून दुपारचं ऊन सरळ शेगडीवर पडलं होतं. मी चावी फिरवली, काडी ओढली. गॅस फुरफुरला आणि सगळ्या छिद्रांतून एकसारखा निळा पेटला.

"लागला का, भाऊ?" वहिनींनी विचारलं.

त्या शेगडीकडेच बघत होत्या. लागला, म्हटलं. उन्हात गोबरगॅसची ज्योत चांगल्या डोळ्यांनाही नीट दिसत नाही, हेही मी त्यांना सांगितलं. त्या हो म्हणाल्या, तळहात पुढे करून ऊब कुठून येते ते पाहिलं, आणि चहाचं पातेलं ठेवलं.